दोन सूत

मेण येतं सातपुड्यातून.
गुमान पावरा चोपड्याच्या बाजाराला उतरतो,
मध विकून झाला की पिशवीच्या तळचा काळपट गोळा
माझ्यासाठी बाजूला ठेवतो.
त्यात पंख असतात, धुराचा वास,
एखादी अख्खी माशी.
मी ते तीनदा गाळते जुन्या धोतरातून,
चिमूट चिमूट राळ घालते
आणि मग काव, हिरमिजी, पेवडी, काजळ,
वरणाच्या वाट्यांमधून वेगवेगळे.
(त्या वाट्या पुन्हा वरणाच्या होत नाहीत.)

चुलीचं काम इस्त्री करते.
आईच्या रुखवतातली, दोन विटांमध्ये उलटी अडकवलेली,
पाठीवर पडलेल्या कासवासारखी.
तिच्या पोटावर रंग सुटतो,
कागद टेकवायचा, उचलायचा.
क्षणभर जास्त थांबलं की चिखल.
कागद मेण पितो,
भज्यांच्या पुडीसारखा आरपार होतो,
मागे धरलेलं बोट पुढून दिसतं.

अमळनेरात एप्रिल लागला
की हे सगळं पहाटे चारला.
नऊनंतर इस्त्रीची गरजच नाही,
गच्ची पुरते.

गेल्या मे महिन्यात डॉक्टर बऱ्हाट्यांच्या दवाखान्यात,
पश्चिमेच्या खिडकीसमोर,
माझ्या चित्रातली बोरी नदी
सरकत सरकत चौकटीच्या तळाशी येऊन बसली.
कंपाउंडर म्हणाला, मॅडम, नदीला पाणी सुटलं.
मी काच काढली, तर आभाळ
काचेसोबत गेलं.

म्हणून यंदा हुसनोद्दीन पिंजाऱ्यांकडे.
लग्नाचे फोटो, देव, निवृत्त गुरुजींची मानपत्रं,
सगळ्यांना ते एकाच सागवानी पट्टीत बसवतात.
त्यांनी कागद उन्हाकडे धरला,
नखाने कडा खरवडली, नखाचा वास घेतला.
"हाई तं मेन शे, ताई.
उन्हायामा काचले चिपकी जाई."
तेच झालंय, मी म्हटलं.
ते जरा वेळ पट्ट्यांकडे बघत राहिले.
"मंग दोन सूत सोडसू."

काच आणि चित्र यांच्यामध्ये दोन सूत हवा.
पाव इंच.
त्यासाठी त्यांनी लाकडाच्या बारीक काड्या तासल्या,
चारही बाजूंनी आतून लपवल्या.

पाठीमागे डिंक लावला तर धरेना.
मेण कुणालाच चिकटू देत नाही,
आणि उन्हात कशालाही चिकटतं.
तेव्हा त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा उतरवला.
वडिलांची धनुकली विकून वीस वर्षं झाली,
डब्यात पांढऱ्या सुताची एक गुंडी राहिली होती.
वरच्या दोन कोपऱ्यांत त्यांनी
दोन टाके घातले, सैलसर,
कागदाला फुगायला जागा ठेवून.
गाद्या भरणारा हात.

दुपारी अडीचला दुकानात एक माशी आली.
पंख्याच्या वाऱ्यात डगमगत
थेट चित्रावर बसली,
पेवडीच्या शेतावर,
आणि बराच वेळ चालत राहिली,
दार शोधत असल्यासारखी.
आम्ही दोघंही काच हातात घेऊन थांबलो.
ती गेल्यावर बसवली.

बसवताना लक्षात आलं:
खालच्या कोपऱ्यात, काजळात,
त्यांचा अंगठा उमटला होता.
रेषा न् रेषा.
"चूक व्हयनी ताई," ते ओशाळले,
कापूस घेऊन पुसायला निघाले.
राहू द्या, मी म्हटलं,
तिथे पुठ्ठ्याची पट्टी येणारच आहे.
"तरी पन."
तरी पण राहू द्या.

तीनशे सांगितले होते, अडीचशे घेतले.
खिळा कुठे ठोकणार, विचारलं.
मी म्हटलं, पूर्वेला.
त्यांनी मान हलवली:
पूर्वेला सकाळचं ऊन येतं.
उत्तरेची भिंत बघा.

उत्तरेच्या भिंतीवर आमचं कपाट आहे.
काल ते हलवलं.